दऱ्या आणि दर्या

२०१५च्या पावसाळ्यात शहापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत तीन जुने संगणक आले. मुंबईतल्या कुठल्याशा कचेरीने काढून टाकलेले. टेम्पोतून उतरवताना वर ताडपत्री धरायला मी होतो. गुरुजी माझे स्नेही आणि मला या यंत्रांशी खुडबुड करायची जुनी खोड, त्यामुळे पुढचं सगळं काम माझ्याच गळ्यात पडलं.

याच तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव तेव्हा गाजत होतं. तिथले शिक्षक संदीप गुंड यांनी पाड्यावरच्या मुलांच्या हाती टॅब दिले होते. आमच्याकडे टॅबला पैसे नव्हते. पण टॅबमध्ये असते तीच ॲण्ड्रॉइड प्रणाली संगणकावर फुकटात चालवता येते, एवढं मला ठाऊक होतं.

ॲण्ड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला २००८ साली. फोनमधली चिप एका जातीची, आपल्या टेबलावरच्या संगणकातली दुसऱ्या. ही दरी सांधायचं काम २००९ साली तैवानच्या चिह-वेई ह्वांग यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी हाती घेतलं. ‘ॲण्ड्रॉइड-एक्स८६’ हे त्या प्रकल्पाचं नाव. पुढे रीमिक्स ओएससारखे व्यापारी प्रयत्न झाले आणि २०१७मध्ये ते थंडावलेही, पण आमची मदार या हौशी मंडळींच्या कामावर होती.

पहिल्या दिवशी पडदा काळाच राहिला. यंत्र चालू, पंखा फिरतोय, दिसत काही नाही. प्रणाली त्या जुन्या चित्र-चिपशी स्वतःच बोलणी करायला जात होती आणि ती फिसकटत होती. सुरू करताना ‘नोमोडसेट’ हा एक शब्द आज्ञेत घातला, की ती हट्ट सोडते आणि साध्या पद्धतीने चित्र काढते. हा शब्द सापडेपर्यंत दोनदा वीज गेली. ज्या तालुक्यातल्या भातसा आणि तानसा धरणांचं पाणी मुंबई पिते, त्या तालुक्यात पावसाळ्यात वीज किती टिकते ते मी सांगायला नको!

चित्र आलं तर ते आडवं. म्हणजे फोन उभा धरतात हे गृहीत धरून लिहिलेलं ॲप उघडलं, की सगळा पडदा कुशीवर वळायचा. मुलांनी मुकाट्याने माना वाकड्या करून वाचायला सुरुवात केली. ते मात्र मला बघवेना. पडदा फिरू न देणारं एक छोटं ॲप टाकल्यावर मुलांच्या माना सरळ झाल्या.

खरी गोम निघाली लिहिण्यात. मराठी कळफलकाचं ॲप घातलं, पण तो पडद्यावर उमटेचना. कारण गमतीचं होतं. संगणकाला खराखुरा कीबोर्ड जोडलेला पाहून प्रणालीने ठरवलं, यांना काचेवरच्या कळांची गरज काय? सेटिंगमध्ये त्या खऱ्या कीबोर्डाचं बटण बंद केल्यावर मराठी कळफलक वर आला. मग मुलं माऊसने एकेक अक्षर टिपायला लागली, कोंबडीने दाणे टिपावेत तशी.

सहावीतल्या एका मुलीने माहुली गडावर निबंध लिहायला घेतला. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवायची सोय होती, तिने ती वापरली. पडद्यावर आलं, ‘आमच्या गावाभोवती डोंगर आणि दर्या आहेत.’ वाचून गुरुजी म्हणाले, ‘‘अगं, शहापुरात दर्या कुठून आणलास?’’ वर्ग हसला आणि ती रडकुंडीला आली. वहीत तिने बरोबर ‘दऱ्या’च लिहिलं होतं, वही काढून दाखवलीही.

हा ऱ्य मराठीची जुनी डोकेदुखी आहे. डोक्यावरचा रफार वेगळा आणि हा आडवा अर्धा र वेगळा. आचार्यांना आणि आचाऱ्यांना, या दोन शब्दांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढं अंतर आहे. हिंदीला हा भेद लागत नाही, म्हणून तो सांभाळण्याची निकडही इतरांना कमीच.

तरी आपल्याकडे काम झालेलं आहे. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं तंत्र घडलं, ते १९८८नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ नावाने वाढलं. संगणकात एक कार्ड बसवायचं, की देवनागरी दिसायची. इनस्क्रिप्ट कळफलक त्याच दशकातला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. १९९१मध्ये इस्की हे प्रमाण ठरलं. युनिकोडने आपल्या लिप्यांची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावरून घेतली आणि ‘ऱ’ला त्यात स्वतंत्र जागा मिळाली. ‘ॲ’ला मात्र २००८पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे ॲण्ड्रॉइडचा पहिला फोन आला त्याच वर्षी त्याच्या मराठी नावाचं पहिलं अक्षर युनिकोडमध्ये दाखल झालं! प्रणालीच्या यादीत मराठी भाषा यायला तर २०१४ची पाचवी आवृत्ती उजाडली, आणि आमच्या यंत्रांवर होती त्याआधीची, ४.४. मुलांना सगळ्या सूचना इंग्रजीत किंवा हिंदीत वाचाव्या लागत.

आमचा उपाय शेवटी जुनाच निघाला. काचेवरच्या कळफलकावर इनस्क्रिप्टची मांडणी निवडली आणि मुलीला दाखवलं, द, मग पायमोडका नव्हे तर खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य, मग काना. तिने दोनदा चुकून तिसऱ्यांदा लिहिलं. ‘दऱ्या’ उमटल्यावर तिने तो शब्द पुसला आणि पुन्हा लिहिला, आणि मग शेजारच्या मुलाला म्हणाली, ‘‘आता तू लिही, सुऱ्या.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)