रॉयल पार्कमधले दोन डॉक्टर

डॉ. जॉन केड साडेतीन वर्षे जपान्यांच्या कैदेत, सिंगापूरच्या चांगी छावणीत होते. महायुद्ध संपल्यावर ते मेलबर्नच्या बुंडूरा भागातल्या माजी सैनिकांच्या मनोरुग्णालयात रुजू झाले आणि तिथल्या एका रिकाम्या कोठीघरात त्यांनी प्रयोगशाळा थाटली. रुग्णांच्या लघवीचे नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवलेले असत! उन्मादाचे मूळ शरीरात साठणाऱ्या कुठल्या तरी विषात असावे, हा त्यांचा तर्क चुकीचा ठरला. पण तो तपासताना लिथियमचा क्षार टोचलेले गिनिपिग निपचित पडून राहिले, तिथे त्यांची नजर अडकली. केड यांनी आधी स्वतः लिथियम घेतले, मग रुग्णांना दिले. दहा उन्मादग्रस्तांवरचा त्यांचा अहवाल सप्टेंबर १९४९मध्ये प्रसिद्ध झाला.

पहिला रुग्ण कित्येक वर्षांच्या आजारातून बरा होऊन घरी गेला. पण १९५०मध्ये तोच लिथियमच्या विषबाधेने दगावला. गुण येणारी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे. रक्तातले प्रमाण मोजायची पद्धत रुळली, तेव्हा कुठे डॉक्टरांना धीर आला. शिवाय पेटंट नसलेल्या स्वस्त क्षारात औषध कंपन्यांना रस नव्हता. अमेरिकेने मान्यता दिली ती थेट १९७०मध्ये.

केड १९५२ ते १९७७ मेलबर्नच्याच रॉयल पार्क मनोरुग्णालयाचे प्रमुख होते.

त्याच रॉयल पार्कमध्ये १९८०च्या दशकात डॉ. पॅट्रिक मॅकगोरी यांना वेगळीच गोष्ट खुपली. आयुष्यात पहिल्यांदाच आजारी पडलेली विशी-बाविशीची मुले वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या रुग्णांशेजारी ठेवली जात. आपलेही पुढे हेच होणार, अशी धास्ती ती पोरे घेत. औषध हाती असून उपचारांची जागाच मुलांना खचवत होती. मॅकगोरींनी तरुणांसाठी वेगळा विभाग उभा केला. १९९२मध्ये त्यातूनच वास्तवाचे भान प्रथमच सुटलेल्या तरुणांसाठी स्वतंत्र सेवा सुरू झाली. केडइतकेच श्रेय या कामालाही मिळायला हवे.

नैराश्य आणि चिंताविकार यांनी ग्रासलेल्या मुलांपर्यंत तरुणांना वेगळी जागा देण्याचा हा विचार पोहोचायला आणखी वेळ लागला. २००६मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारच्या पैशातून ‘हेडस्पेस’ ही तरुणांसाठीची संस्था स्थापन झाली. वय १२ ते २५. केंद्रे रुग्णालयाबाहेर, वस्तीत. समुपदेशक, डॉक्टर, व्यसनमुक्ती आणि नोकरी-शिक्षणाचे मार्गदर्शन, सारे एका छताखाली. आज अशी शंभराहून अधिक केंद्रे आहेत. मात्र हेडस्पेसच्या मोजक्या भेटींत ज्यांचे भागत नाही अशी, पण रुग्णालयात जागा मिळण्याइतकी आजारी न ठरणारी मुले मधल्या मध्ये अडकतात. त्यांच्यासाठी पुरेशी व्यवस्था हवी, ही मागणी स्वतः मॅकगोरीच सरकारकडे लावून धरत आले आहेत.