वेअरकाठची शिल्पे: गोदी बंद पडल्यानंतरचा लोकसहभाग

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर वेअर नदी जिथे उत्तर समुद्राला मिळते, तिथे संडरलंड हे शहर वसलेले आहे, आणि नदीच्या उत्तर काठावरील मंकवेअरमथ हा त्याचा सर्वांत जुना भाग होय. इ.स. 674 मध्ये बेनेडिक्ट बिस्कोप याने येथे सेंट पीटर मठाची स्थापना केली आणि खिडक्यांना काचा बसवण्यासाठी गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्समधून, कारागीर आणवले. पुढील काळात मात्र हा काठ ओळखला गेला तो जहाजबांधणीसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या शहरात लहानमोठे साठाहून अधिक जहाजबांधणी कारखाने होते. चर्चच्या पायथ्याशी, नॉर्थ सँड्स येथे, जे. एल. थॉम्पसन यांचा कारखाना होता. याच घराण्यातील सिरिल थॉम्पसन 1940 मध्ये ब्रिटिश शिष्टमंडळ घेऊन अमेरिकेस गेले, आणि त्यांनी सोबत नेलेल्या आराखड्यावरून पुढे ‘लिबर्टी’ वर्गाची 2,710 मालवाहू जहाजे तिथे बांधली गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपान व कोरियाशी स्पर्धा वाढली, 1977 मध्ये उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि 1988 च्या अखेरीस शहरातील उरलेले कारखाने बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यापूर्वीच, 1987 मध्ये, केंद्र सरकारने टाईन आणि वेअर या दोन्ही नद्यांच्या काठांसाठी एक विकास महामंडळ नेमले होते. अशी महामंडळे म्हणजे पडीक औद्योगिक जमीन ताब्यात घेऊन तिची नव्याने आखणी करण्याचे अधिकार असलेल्या, परंतु निवडून न आलेल्या संस्था असत. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या काठावर राबल्या, त्यांना जमिनीच्या भवितव्यावर मत देण्याची सोय या रचनेत फारशी नव्हती, आणि म्हणूनच तेथे उभ्या राहायच्या शिल्पांचा प्रश्न शोभेच्या पलीकडे गेला.

सार्वजनिक कलेच्या निवडीची त्या वेळची रूढ पद्धत तज्ज्ञांवर अवलंबून होती. बांधकामखर्चाचा ठरावीक हिस्सा, बहुधा एक टक्का, कलेसाठी राखून ठेवण्याचा नियम अमेरिकेत फिलाडेल्फियाने 1959 मध्ये केला आणि तो पुढे अनेक शहरांनी उचलला. पैसा असा हाती आला की जाणकारांची समिती कलावंत निवडी आणि तयार कृती चौकात येऊन बसे. या पद्धतीतील दोष न्यूयॉर्कमध्ये उघड झाला. रिचर्ड सेरा यांची ‘टिल्टेड आर्क’ ही सुमारे 36 मीटर लांबीची पोलादी भिंत 1981 मध्ये एका सरकारी इमारतीपुढील चौकात उभारण्यात आली, तेव्हा रोज तेथून जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. 1985 मध्ये जाहीर सुनावणी झाली. बोललेल्या 180 जणांपैकी 122 जणांनी शिल्प राहावे असे सांगितले, तरीही समितीने ते हटवण्याची शिफारस केली आणि 1989 मध्ये ते उतरवले गेले. आधी विचारले नाही म्हणून रोष ओढवला, आणि उशिरा विचारले तेव्हा मिळालेल्या उत्तरालाही किंमत राहिली नाही.

संडरलंडमध्ये 1991 च्या सुमारास सुरू होऊन सुमारे दहा वर्षे चाललेल्या सेंट पीटर्स रिव्हरसाइड प्रकल्पात वेगळी वाट धरली गेली. तेथे ‘निवासी कलावंत’ ही कल्पना वापरण्यात आली, म्हणजे कलावंताने काम करून निघून न जाता वस्तीत दीर्घकाळ राहून काम करायचे. शिल्पकार कॉलिन विल्बर्न व क्रेग नोल्स, लोहकाम करणारे कार्ल फिशर आणि कादंबरीकार चॅझ ब्रेंचली यांनी स्थानिक गटांबरोबर बसून विषय ठरवले. रहिवाशांपुढे चार नमुने मांडून एकावर शिक्का मारा असे न म्हणता, या काठाबद्दल काय सांगावेसे वाटते हे आधी विचारले गेले, आणि दगड व पोलाद त्यानंतर आले.

या पद्धतीचा परिणाम कृतींमध्ये दिसतो. ‘शॅडोज इन अनदर लाइट’ या कामात पोलादाचा एक वृक्ष आहे, परंतु त्याच्या बुंध्यापासून जमिनीवर पसरलेली, फरसबंदीत कायमची बसवलेली सावली वृक्षाची नसून गोदीवरच्या हातोड्याच्या आकाराच्या क्रेनची आहे. जे पाडले गेले त्याची आकृती आणि जे नव्याने रुजावे अशी अपेक्षा आहे त्याची आकृती एकाच मुळाशी जोडली गेली आहे. ‘द रेड हाउस’ म्हणजे लाल वालुकाश्मात कोरलेले, छप्पर नसलेल्या घराचे अवशेष, ज्यात घरगुती वस्तूही दगडातूनच घडवल्या आहेत. इथे कारखान्याच्या मालकाचा किंवा सेनापतीचा पुतळा नाही; स्मरणाचा विषय मजुराचे घर आणि त्याच्या कामाचे साधन हा आहे.

शेजारच्या टाईन नदीवरील गेट्सहेडने त्याच दशकात उलट क्रम स्वीकारला. अँटनी गॉर्मली यांची निवड 1994 मध्ये झाली, त्यांच्या ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ या नियोजित शिल्पाविरुद्ध मोहीम उभी राहिली, आणि तरीही 20 मीटर उंच व 54 मीटर पंखविस्ताराची ही 200 टनी मूर्ती फेब्रुवारी 1998 मध्ये एका जुन्या कोळसाखाणीच्या जागेवर उभी राहिली. लोकांनी ती आपली मानली ती नंतर. मे महिन्यात फुटबॉलप्रेमींनी तिला अॅलन शिअररच्या नावाचा प्रचंड जर्सी चढवली, ही त्या स्वीकाराची पहिली ठळक खूण म्हणता येईल. मूर्तीच्या बाहेरून दिसणाऱ्या पोलादी फासळ्या जहाजाच्या सांगाड्याची आठवण करून देतात, आणि तिची जोडणी हार्टलपूलच्या पोलाद कारागिरांनी केली होती. निवडीत ज्यांना फारसे स्थान नव्हते, त्या प्रदेशाचे कसब अशा रीतीने घडणीत उतरले.

गेट्सहेडचे यश मोठे असले, तरी ते भाग्याच्याही स्वाधीन होते: लोकांनी मूर्ती नाकारली असती, तर टीकेला सामोरे जाण्याखेरीज नगरपालिकेपुढे मार्ग उरला नसता. संडरलंडच्या पद्धतीने हा धोका कमी केला, परंतु तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. थॉम्पसन यांच्या जागेवर विद्यापीठाचा परिसर आणि 1998 मध्ये राष्ट्रीय काच केंद्र आले; काठावर काय बांधायचे, हा मोठा निर्णय शिल्पांच्या चर्चेत कधीच नव्हता, आणि गेलेला रोजगार शिल्पांनी परत आणला नाही. 2023 मध्ये दुरुस्तीच्या अवाढव्य खर्चाचे कारण देऊन विद्यापीठाने काच केंद्राच्या इमारतीतून बाहेर पडण्याचे जाहीर केले, तेव्हा हीच विषमता पुन्हा समोर आली. स्मृती कोणती जपायची हे वस्तीला विचारले गेले, जमीन कशासाठी वापरायची हे नाही. लोकसहभागाच्या कोणत्याही प्रयोगाचे मूल्यमापन करताना कोणता प्रश्न लोकांपर्यंत पोहोचला आणि कोणता आधीच सुटलेला होता, हे तपासावे लागते.