न्या. कृष्ण अय्यर

व्ही. आर. कृष्ण अय्यर (१९१४–२०१४). तलश्शेरीचे वकील. १९५७ मध्ये केरळ विधानसभेवर अपक्ष निवडून आले आणि नंबुद्रिपाद सरकारात कायदा, गृह, तुरुंग अशी खाती त्यांनी सांभाळली. १९६८ मध्ये ते केरळ उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे. राजकारणातला माणूस न्यायासनावर कशाला, ही ओरड तेव्हा बरीच झाली.

२४ जून १९७५ रोजी त्यांनी इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवणाऱ्या निकालाला सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानपद राहील, लोकसभेत मतदान करता येणार नाही. दुसऱ्याच रात्री आणीबाणी आली. बहुतेकांना ते आठवतात ते एवढ्यापुरतेच, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे.

त्यांचे खरे काम कैद्यांसाठीचे. तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्याने सोबत्याच्या छळाबद्दल पत्र धाडले. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायालयाने दखल घेतली. महाराष्ट्रातल्या होस्कोट खटल्यात (१९७८) त्यांनी बजावले, की कैद्याला निकालपत्राची प्रत वेळेत, फुकट मिळालीच पाहिजे आणि ऐपत नसेल तर वकीलही. तुरुंग खाते सांभाळलेल्या माणसाला कोठडीत कागद किती उशिरा पोचतो, हे ठाऊक असणारच.

१९८० मध्ये ते निवृत्त झाले. १९८७ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, पण रा. वेंकटरामन विजयी झाले.