गुडघ्याला संजीवनी नसते

प्रो कबड्डीचे सामने सुरू असले की आपल्या सिरोंच्यात दोन गट पडतात. घरात मराठी बोलणारे बहुतेक पुणेरी पलटणचे किंवा यू मुंबाचे. घरात तेलुगू बोलणारे टायटन्सचे. गोदावरीपलीकडे तेलंगणाच, त्यामुळे हे साहजिक आहे. एकाच घरातला मोठा भाऊ पलटणचा आणि धाकटा टायटन्सचा, असंही तुम्ही पाहिलं असेल. वाद ठरलेले असतात. यंदा प्लेऑफमध्ये कोण जाणार? मुख्य रेडर जखमी झाला तर मागे कोण आहे? आणि तो जखमी खेळाडू परत कधी येणार?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसरे दोन प्रश्न मात्र वैद्यकाचे आहेत आणि ते टीव्हीवरच्या खेळाडूंपुरते नाहीत. हिवाळ्यात गावोगावी सामने सुरू झाले की सुजलेले गुडघे दवाखान्यात येऊ लागतात. म्हणून या वेळी कबड्डीचा, राखीव खेळाडूंचा आणि गुडघ्यावरच्या उपचारांचा इतिहास एकत्र सांगतो.

बाद झालेला परत येतो, जखमी झालेला नाही

नदीच्या या बाजूला हुतूतू, त्या बाजूला चेडुगुडू. नावं वेगळी, खेळ एका कुळातला. त्याला लिखित नियमांत बसवण्याचं बरंचसं काम महाराष्ट्रात आणि बडोद्यात झालं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी तिथे कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाच्या खेळाचा मान मिळाला आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली.

जुन्या काळी या खेळाचे तीन प्रकार होते, संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत आपला गडी बाद झाला तरी प्रतिस्पर्ध्याचा एक गडी बाद केला की आपला एक परत मैदानात यायचा. गामिनीत बाद झालेला बाहेरच बसायचा, सगळा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये कुणी बाहेर जायचाच नाही, फक्त गुण मोजले जायचे. आजची कबड्डी संजीवनीच्या नियमावर उभी आहे. बाद झालेला गडी काही मिनिटांत परत उभा राहतो, त्यातच या खेळाची मजा आहे.

या मजेची एक सवय मनाला लागते. पडलेला माणूस उठतोच, असं वाटू लागतं. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं की हा नियम संपतो.

चार हंगामांचा धडा

तुमच्या वादातलीच उदाहरणं घेऊ.

आठवा हंगाम, २०२१-२२. टायटन्सचा भरवसा सिद्धार्थ देसाईवर होता. हा आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा गडी. हंगामाच्या सुरुवातीलाच तो जखमी झाला आणि टायटन्सला २२ सामन्यांत एकच विजय मिळाला.

नववा हंगाम, २०२२. पवन सेहरावतला तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाख रुपये देऊन घेतलं होतं. तोवरची ती सर्वांत मोठी बोली होती. पहिल्याच सामन्यात पकड करताना त्याचा गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. थलैवाजचं आता काही खरं नाही, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. पण नरेंदर नावाच्या तरुण रेडरने भार उचलला, बचावफळी टिकली आणि थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचले. तिथे पुणेरी पलटणने त्यांना ३९-३७ असं हरवलं, म्हणजे अवघ्या दोन गुणांनी.

दहावा हंगाम, २०२३-२४. बरा झालेला पवन आता टायटन्सकडे आला, २ कोटी ६० लाखांच्या वर किंमत घेऊन. त्याने गुण भरपूर मिळवले, तरी टायटन्सला २२ सामन्यांत दोनच विजय मिळाले आणि संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला. एकटा पवन चढाईला जात होता, मागची फळी रिकामी होती. त्याच हंगामात अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटण पहिल्यांदा विजेती ठरली. त्या संघात रोज वेगळा गडी सामना जिंकून देत होता.

अकरावा हंगाम, २०२४. अस्लमचा गुडघा दुखावला आणि तो हंगामाबाहेर गेला. विजेती पलटण पहिल्या सहांतही आली नाही. पलटणच्या मित्रांनो, हे वाचून राग येईल, पण फळी भक्कम असली तरी कधीकधी एका गुडघ्याची किंमत अशीही मोजावी लागते. पुढच्या हंगामात अस्लम परतला आणि २०२५ मध्ये पलटण पुन्हा अंतिम सामन्यात होती. तिथे दिल्लीने बाजी मारली.

राखीव खेळाडूंबद्दल बोलताना चाहते फक्त गुणांचा हिशेब करतात. डॉक्टर म्हणून मला त्यांचा आणखी एक उपयोग दिसतो. मागे दुसरा गडी असला की जखमी गड्याला बरं व्हायला वेळ मिळतो. पवनला कुणी दहा दिवसांत पट्टी बांधून मैदानात ढकललं नाही. सुमारे वर्षभराने, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, तो हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताचा कर्णधार होता आणि भारताने सुवर्णपदक जिंकलं.

हे लिगामेंट आपोआप का जुळत नाही?

गुडघ्याच्या आत दोन लिगामेंट फुलीसारखी एकमेकांना ओलांडून जातात. त्यातलं पुढचं, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, ते पायाचं हाड पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा सांभाळतं. आता चढाई आठवा. रेडरने मध्यरेषेकडे वळण्यासाठी पाय रोवला आहे, त्याच क्षणी कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला आणि दुसऱ्याने मांडीला मिठी मारली. पाऊल जमिनीला खिळलेलं, धड फिरलेलं आणि गुडघा आत वळलेला. एसीएल तुटायला एवढं पुरतं. कित्येकदा कुणी हातही लावलेला नसतो. उडी मारून खाली येताना किंवा एकदम दिशा बदलतानाही ते तुटतं.

त्वचेला जखम झाली तर रक्ताची गाठ धरते आणि तिच्या आधाराने जखम भरते. एसीएल सांध्याच्या आत, पातळ द्रवात असतं. तिथे रक्ताची गाठ टिकत नाही, त्यामुळे तुटलेली टोकं सहसा नीट जुळत नाहीत. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट मात्र पट्टा आणि व्यायाम यांनी बहुतेकदा जुळतं. म्हणून 'माझ्या काकांचं लिगामेंट नुसत्या पट्ट्याने बरं झालं' हे खरं असलं, तरी ते लिगामेंट वेगळं असू शकतं.

सव्वाशे वर्षांची खटपट

१८९५ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात मेयो रॉबसन या शल्यचिकित्सकाने एका खाणकामगाराच्या गुडघ्यातली तुटलेली लिगामेंट शिवली. माणूस कामावर परतला. पण पुढे अनेकांच्या अनुभवातून कळलं की नुसती शिवलेली टोकं पुष्कळदा पुन्हा सुटतात. १९१७ मध्ये हे ग्रोव्हज यांनी वेगळा मार्ग काढला. मांडीच्या बाहेरच्या बाजूला जो चिवट पट्टा असतो, त्याची पट्टी घेऊन त्यांनी नवं लिगामेंटच तयार केलं. कल्पना बरोबर होती, पण तेव्हा सांधा मोठा उघडावा लागे. १९८० च्या सुमारास दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया होऊ लागली. आज मांडीच्या मागच्या स्नायूची किंवा वाटीखालची दोरी, म्हणजे टेंडन, घेऊन हाडांत बोगदे करून ती बसवतात.

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. ऑपरेशन तासा-दोन तासांचं असतं, टाके लवकर सुकतात, माणूस काही आठवड्यांत चालू लागतो आणि त्याला वाटतं की आपण बरे झालो. पण बसवलेल्या दोरीला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिल्या काही महिन्यांत ती आधी कमकुवत होते, मग हळूहळू तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि ती लिगामेंटसारखी होत जाते. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणं जितके महिने लांबवलं, तितकं पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण दर महिन्यामागे साधारण निम्म्याने कमी झालं. नऊ महिने हा आकडा तिथून आला आहे.

आणि प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असंही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांची शस्त्रक्रिया लगेच केली. उरलेल्यांना आधी शिस्तीने व्यायाम दिला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच होते, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना तोवर शस्त्रक्रिया लागलेलीच नव्हती. ज्याला शेती करायची आहे, सायकल चालवायची आहे, त्याचं बऱ्याचदा व्यायामावर निभावतं. पुन्हा कबड्डी खेळायची असेल, किंवा चालता चालता गुडघा दगा देत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. मोठ्या शहरात जाऊन खर्च करण्याआधी हा प्रश्न तज्ज्ञांना नक्की विचारा.

आपल्या मैदानावर

नियमाप्रमाणे कबड्डीत सात गडी मैदानात आणि पाच राखीव. गावातल्या संघांत मात्र बहुधा सात जण कसेबसे जमतात, आठवा असला तर नशीब. मग गुडघा सुजलेला गडी म्हणतो, 'फायनल आहे, एवढी काढतो.' कुणी स्प्रे मारतं, कुणी दुखणं थांबवणारी गोळी देतं. दुखणं थांबतं, पण गुडघा तितकाच सैल राहतो. सैल गुडघ्यावर खेळलं की आतली गादी फाटते, कूर्चा झिजते आणि पस्तिशीतच उकिडवं बसणं जड जातं. भातलावणीत दिवसभर चिखलात उभं राहणाऱ्याला ही दुखापत ट्रॉफीपेक्षा फार महाग पडते.

म्हणून एवढं लक्षात ठेवा.

खेळताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा फुगला, तर आत रक्त साचलं आहे असं धरून चाला. त्या दिवसाचा खेळ बंद करा, मग सामना कोणताही असो.

कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. सिकलसेलचा आजार असलेल्यांनी बर्फ लावू नये, थंडीने त्यांचं दुखणं उसळू शकतं. आपल्या जिल्ह्यात हा आजार बराच आहे. मार लागलेला नसताना सांधा दुखत किंवा सुजत असेल, तर आधी सिकलसेलची तपासणी करून घ्या.

पहिले काही दिवस गुडघा चोळू नका, ओढून बसवू नका.

चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनापर्यंत वाकत नसेल किंवा अडकून बसला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाऊल गार किंवा बधिर पडलं, तर एक तासही थांबू नका. रक्तवाहिनी दबलेली असू शकते आणि इथून मोठं रुग्णालय लांब आहे.

सूज उतरल्यावरही गुडघा तपासून घ्या. सूज गेली म्हणजे लिगामेंट जुळलं असं नव्हे. अनुभवी हाताला साध्या तपासणीतच सैलपणा कळतो. एमआरआय त्यानंतर, गरज असेल तर.

आणि संघाच्या कप्तानांना एक सांगणं. यंदा नाव नोंदवताना सात नको, किमान दहा जण घ्या. सरावाआधी पंधरा मिनिटं धावणं, बैठका, एका पायावर तोल आणि उडी मारून गुडघे थोडे वाकवून, आत वळू न देता उतरणं एवढं करून घ्या. अशा व्यायामाने गुडघ्याच्या दुखापती कमी होतात, हे अनेक खेळांत सिद्ध झालं आहे. त्याला पैसे लागत नाहीत.

पलटण की टायटन्स, हा वाद खुशाल घाला. फक्त पुढच्या वेळी टीव्हीवर कुणी गुडघा धरून खाली बसला की 'हा किती सामन्यांत परत येईल' असं मोजू नका. महिने मोजा. आणि तुमच्या गावच्या संघात कुणी तसा खाली बसला, तर त्यालाही तेवढेच महिने द्या.