वाइल्डरांचं मूळ गाव

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर ‘चांगभलं’चा गजर सुरू होतो. सासनकाठ्या नाचू लागतात. त्या गर्दीत शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो, ‘पाव्हणं, मूळचं कुठलं?’ माणूस आज कुठं राहतो, यापेक्षा त्याचा वंश कुठून निघाला, याचं आपल्याला अप्रूप जास्त. शिंदे घराणं मूळचं कण्हेरखेडचं. राज्य केलं ग्वाल्हेरला, पण कुलदैवत जोतिबाच राहिलं. इथलं आजचं देऊळ 1730 मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलं.

इथली माणसं लांब गेली, पण मूळ विसरली नाहीत. पण श्रोतेहो, जे लांबून इथं आले, त्यांचं मूळ कुठं शोधायचं? कोल्हापुरात ‘वाइल्डर मेमोरियल चर्च’ आहे. येता-जाता नाव वाचतो आपण, पण हे वाइल्डर कोण, असं सहसा विचारत नाही.

रॉयल गूल्ड वाइल्डर यांचा जन्म 1816 चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या ब्रिडपोर्ट गावचा. ते पत्नी एलायझासह 1846 मध्ये अहमदनगरला आले आणि 1852 च्या अखेरीस कोल्हापुरात. इथं त्यांनी मिशन सुरू केलं, शाळा काढल्या. शाळांवर एवढा भर नको, असं बॉस्टनच्या मूळ संस्थेचं मत पडलं. वाइल्डर हट्टाचे. मिशनच्या शाळांची बाजू मांडणारं पुस्तकच त्यांनी 1861 मध्ये छापलं. संस्थेशी संबंध तुटले, तरी त्यांनी कोल्हापूर सोडलं नाही. अनेक वर्षं स्वतंत्रपणे काम चालवलं. पुढं 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन मिशननं ते आपल्याकडं घेतलं. जोतिबावरून दिसतो त्या पन्हाळ्यावरही या मिशनचं ठाणं झालं.

त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढं अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकला. 1886 च्या उन्हाळ्यात माउंट हरमन इथं भरलेल्या विद्यार्थी शिबिरात शंभर तरुणांनी परदेशी मिशनकार्याचा संकल्प केला. त्यामागं बावीस वर्षांच्या रॉबर्टचा पुढाकार होता. त्यातून उभी राहिलेली विद्यार्थी चळवळ जगभर पोचली. पुढं त्यानं नॉर्वेच्या मुलीशी लग्न केलं आणि 1938 मध्ये ऑस्लोला त्याचा मृत्यू झाला. जन्म कोल्हापूरचा, शेवट ऑस्लोचा!

आता आपल्या हेळव्याची आठवण काढा. बैलावर बसून दारात येणारा हेळवी घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. पण बापानंतर मुलगा, मुलानंतर नातू, अशीच त्याची वाट. त्या वाटेनं गेलो तर रॉयल आणि रॉबर्ट ही दोन नावं सांगून वाइल्डरांची कथा कोल्हापूरबाहेर निघून जाते.

खरं तर ती निघून गेली नव्हती. रॉयल 1887 मध्ये न्यूयॉर्कला वारले, तेव्हा पुन्हा भारतात यायची त्यांची तयारी चालली होती. ते राहिले. आल्या त्या एलायझा. सोबत मुलगी ग्रेस. नवरा गेल्यावर बाईनं माहेरच्या मुलखात राहावं, असं कुणीही म्हटलं असतं. या बाईनं मात्र पुन्हा बोट धरली आणि मायलेकी कोल्हापूरच्या कामाला लागल्या. ग्रेस तर भावाच्या बरोबरीची. माउंट होलिओकच्या कॉलेजात तिनंही मुलींना या कामासाठी जमवलं होतं. चळवळीच्या इतिहासात भावाचं नाव ठळक, बहिणीचं बारीक अक्षरात. आणि रॉबर्टचं चरित्र 1941 मध्ये लिहिलं कुणी? त्याच्या मुलीनं, रूथ वाइल्डर ब्रेस्टेड यांनी.

म्हणजे परतून आली ती पत्नी आणि लेक. घराण्याची आठवण कागदावर ठेवली ती नातीनं. या तिघींना वंशावळीतून वगळलं, तर कोल्हापूरशी असलेला धागाच हातातून सुटतो.

मिशनऱ्यांच्या धर्मप्रसाराबद्दल मतभेद असतील, असावेतही. पण एलायझाबाईंचं गाव कुठलं म्हणायचं? आल्या त्या गावचं, की परतल्या त्या गावचं?

‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न माझ्याही ओळखीचा आहे. माझं नाव ऐकून आणि वर मी मराठीत कविता लिहितो हे कळल्यावर तर तो हटकून येतो. पूर्वी मी आजोबा-पणजोबांची गावं सांगत बसायचो. वाइल्डरांच्या घराण्याचा माग काढल्यापासून आधी एवढंच विचारतो, ‘कुणाच्या बाजूनं सांगू? वडलांच्या, की आईच्या?’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)