कोळशाला वर्ध्याचं नाव

रात्रपाळी सुटली की मी हिंगणघाटचे रूळ ओलांडून घरी येतो. कधी कधी कोळशाची मालगाडी आडवी उभी असते. वाघिणी मोजत थांबायचं, दुसरं काय.

हा रूळ १८७७ साली वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत पोचला. सुमारे ४५ मैल. सरकारनं नाव दिलं वर्धा कोल स्टेट रेल्वे. आता कोळसा कुठला? वरोऱ्याचा, म्हंजे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातला. नाव मात्र वर्ध्याचं, शहराचं म्हणा की नदीचं. आणि वर्धा शहर तरी कुठं जुनं? १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर साहेबांनी ते आखलं, नदीचं नाव दिलं. पालकवाडी कागदात राहिली.

वरोऱ्याची खाण सरकारी होती. तिचा कोळसा इंजिनांत जळे. जमशेटजी टाटांनी नागपुरात मिल काढली, तेव्हा कापूस जवळ आणि वरोऱ्याचा कोळसाही जवळ, हे गणित त्यांच्या डोक्यात होतं. १ जानेवारी १८७७ रोजी मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं. मिलचं नाव एम्प्रेस!

राणीचं नाव मिलवर, नदीचं नाव रेल्वेवर. कोळसा खोदणाऱ्याचं काय?

माझ्या आजीचा आजा वरोऱ्याच्या खाणीत होता. मी नाव विचारलं. आजी म्हणाली, "खरं नाव कोनाले ठाऊक बापा? गावात समदे कोळश्याच म्हनत."

कोळश्या. अंगावरची काळी पूड उतरली असेल, हे नाव नाही उतरलं. गावानं आम्हाला नावं अशीच दिली. रोज घासून काढावीत अशी.

बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या खाणी पाहायला गेले. १९४४ साली कोळसा खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. पण कोळश्याच्या कामाला ते सगळं उशिरा. वरोऱ्याची खाण १९०६ सालीच बंद झाली होती.

"मंग तो घरी कसा आला?" मी विचारलं.

"गाडीले पैसे कुठले? रुळारुळानं पायीच आला म्हनत."