पिशवी एक, ठेकेदार अनेक

जर्मनीत घरातली रिकामी वेष्टनं पिवळ्या पिशवीत टाकतात. ती उचलायचे पैसे पालिका नाही, माल विकणारे भरतात. त्यासाठी उद्योगांनी १९९० मध्ये 'ड्युआलेस सिस्टेम डॉइचलांड' ही कंपनी काढली. १९९१ च्या कायद्याने विक्रेत्यांना सांगितलं, वेष्टनं परत घ्या, नाहीतर अशा यंत्रणेत सामील व्हा. मग पुड्यावर हिरवा ठिपका छापायचा आणि फी भरायची.

गंमत इथेच आहे. फी ठिपक्यावर होती, काम कोणी केलं यावर नाही! समजा अर्धी वेष्टनं दुसऱ्या कंपनीने गोळा केली, तरी ठिपका सगळ्यांवर, म्हणून फीही पूर्ण. म्हणजे दोनदा पैसे. मग दुसरीकडे जाईल कोण? २००१ मध्ये युरोपियन कमिशनने हा मक्तेदारीचा गैरवापर ठरवला, आणि २००९ मध्ये युरोपीय न्यायालयातही तो निर्णय टिकला.

दरम्यान २००३ मध्ये हेसेन राज्यात लांडबेलला परवानगी मिळाली, पुढे आणखी कंपन्या आल्या. पण दारातली पिशवी एकच! त्यामुळे गोळा करायचा खर्च प्रत्येकीने नोंदवलेल्या वजनाच्या प्रमाणात वाटला जातो. आता आमच्यासारख्या इंजिनिअरला यातला बग लगेच दिसेल... वजन कमी दाखवा, खर्च दुसऱ्याच्या गळ्यात. २०१४ पर्यंत नोंदी इतक्या घसरल्या की यंत्रणाच डळमळली. शेवटी २०१९ च्या कायद्याने उत्पादकांची मध्यवर्ती नोंदणी आणली.

मला वाटतं, स्पर्धा आणणं सोपं असतं. आधी तराजू कोणाच्या हातात, ते ठरवावं लागतं.